भाड्याची ई-स्कूटर : चालवणे सोपे, ठेवणे अवघड

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी स्टेशनपासून महाविद्यालयापर्यंत भाड्याच्या ई-स्कूटरने जाते. तिच्याकडे परवाना नाही आणि गाडीला नंबरप्लेटही नाही. हे कायद्यात बसते का?
— एक आई, सीवूड्स

उत्तर : गाडी मंदगती प्रकारातली असेल, तर बसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या विजेवरच्या दुचाकीच्या मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोच्या आत आहे, आणि चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केले आहे, ती मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून तिला नोंदणीही लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. शहरांत मिनिटांच्या हिशेबाने मिळणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या याच मर्यादेत बसवलेल्या असतात.

मात्र दोन गोष्टी मुलीला बजावून सांगा. किमान वयाची अट प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, तेव्हा ती वाचून मगच खाते उघडावे. बाबांच्या किंवा दादाच्या खात्यावरून गाडी घेण्याची जी सर्रास पद्धत आहे, तीत अपघात झाल्यास विम्याचा दावा त्याच मुद्द्यावर अडू शकतो. दुसरे म्हणजे ताशी २५ किलोमीटरचा वेग कॉलनीतल्या रस्त्यावर पुरेसा असला, तरी पाम बीच मार्गावर मागून येणाऱ्या मोटारींपुढे तो उभे राहण्यासारखाच आहे, त्यामुळे तिथे ही गाडी नेऊच नये. हेल्मेटबद्दल कायदा काय म्हणतो याची वाट न पाहता ते घालावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर रोज चार-पाच भाड्याच्या गाड्या पदपथावर आडव्या पडलेल्या असतात. मला वॉकर घेऊन रस्त्यावर उतरावे लागते. अ‍ॅपमध्ये तर म्हणे ठरलेल्या जागीच गाडी ठेवता येते. मग असे का होते?
— एक ज्येष्ठ नागरिक, नेरूळ

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचा खरा प्रश्न हाच आहे. सकाळच्या गर्दीत एका स्टेशनाबाहेर मी हा प्रकार जवळून पाहिला. एका तरुणाने गाडी पदपथावर तिरकी लावली, प्रवास संपवताना अ‍ॅप मागते तो फोटो काढायला तो दोन पावले मागे सरला, दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या पिवळ्या खडबडीत फरश्या चौकटीत येणार नाहीत अशा बेताने फोन वळवला आणि लोकल पकडायला धावला. फोटो मंजूर झाला असावा, कारण परत येऊन त्याने गाडीकडे पाहिलेही नाही.

अ‍ॅपमधली ‘ठरलेली जागा’ ही नकाशावर आखलेली रेघ असते, आणि उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहावरून कळणारे ठिकाण काही मीटरने सहज चुकते. रस्त्याकडेची आखलेली जागा आणि आपले फाटक यांतला फरक तेवढाच असेल, तर यंत्राला दोन्ही सारखेच. शिवाय मिनिटागणिक पैसे कापले जात असताना पन्नास पावले पुढे जाऊन रांगेत गाडी लावणारा विरळाच.

पॅरिसचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. तिथे २०१८मध्ये उभे राहून चालवायच्या भाड्याच्या ई-स्कूटर आल्या. पुढे महापालिकेने कंपन्या तीनवर आणल्या, गाड्यांची संख्या सुमारे १५ हजारांवर बांधली, उभ्या करण्याच्या जागाही आखून दिल्या. तरीही २ एप्रिल २०२३च्या मतदानात सुमारे ८९ टक्के मते त्यांच्या विरोधात पडली आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर त्या रस्त्यांवरून हटल्या. मतदान जेमतेम साडेसात टक्के मतदारांनी केले होते, म्हणजे चिडलेलेच तेवढे आले, असे कोणी म्हणेल आणि ते अगदीच चूक नाही. पण त्याच शहरात २००७पासूनची ‘वेलिब’ सायकल योजना टिकून आहे. तिची सायकल मुख्यतः खांबाला अडकवून परत करावी लागते, आणि तोवर भाडे चालूच राहते. वापरणाऱ्याला हे जाचक वाटते. पादचाऱ्याला मात्र वाट मोकळी मिळते.

आपण गाडीवरचा क्रमांक दिसेल असा फोटो काढून कंपनीच्या मदत क्रमांकावर आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात, दोन्हीकडे पाठवावा. क्रमांकावरून शेवटचा भाडेकरू कोण, हे कंपनीला लगेच कळते. सोसायटीच्या लेटरहेडवर फाटकाची जागा नकाशातून वगळण्याची मागणी करावी. त्यासाठी खोदकाम लागत नाही, केवळ ती रेघ सरकवावी लागते.

प्रश्न : घरपोच खाणे आणणारी मुलेही याच गाड्या वापरताना दिसतात. त्यांना परवडते कसे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ती मिनिटांवर नव्हे, दिवसाच्या किंवा आठवड्याच्या भाड्याने घेतात. परवाना, कर्जाचा हप्ता आणि पेट्रोल, तिन्ही टळतात. बॅटरी उतरली की केंद्रावर जाऊन भरलेली बसवायची आणि पुढची ऑर्डर घ्यायची. दिवसभर एकाच माणसाकडे असलेल्या गाडीला ‘सामायिक’ म्हणणे थोडे धाडसाचे आहे, परंतु रात्री ती कुठे ठेवायची याची काळजी तो माणूस स्वतःच करतो.