तटस्थ: कुठल्या तटावरचा?

प्रश्न असा आलाय की ‘फिनलंडने तटस्थता सोडली’ असं बातम्यांत वाचलं, तर तटस्थ, अलिप्त आणि उदासीन हे एकच का, आणि रशियासारखा दांडगा शेजारी असलेल्या छोट्या लोकशाहीला यातला कुठला शब्द लागू पडतो.

आधी एक सांगून टाकतो, कारण रोज ऐकून डोकं उठतं. ‘मी बाबा तटस्थ’ म्हणजे ‘मला काय त्याचं’ हा अर्थ लोकांनी कुठून काढला? सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून भांडण पेटलं की हमखास एक जण हे वाक्य टाकून मोबाईल काढतो. तो तटस्थ नाही, तो अंग काढून घेतोय, आणि अंग काढून घेणं हा चांगला घसघशीत मराठी वाक्प्रचार असताना तटस्थ शब्दाला कशाला बदनाम करायचं?

अलिप्त सोपा आहे. लिप् म्हणजे माखणं, त्यातूनच लेप, लिंपण आणि लिपीसुद्धा, म्हणजे न माखलेला तो अलिप्त. पुढे चला. उदासीन मात्र फार लबाडीने बदललेला शब्द आहे. उद् + आसीन, वर किंवा बाजूला बसलेला. आपण आज त्याला उदास, मरगळलेला करून टाकलाय, पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जे राजमंडल, म्हणजे आजूबाजूच्या राजांचं वर्तुळ, आहे त्यातला उदासीन राजा सगळ्यांत बलवान असतो, विजिगीषू (जिंकू पाहणारा), अरी (त्याचा शत्रू) आणि मध्यम (दोघांच्या मधला) या सगळ्यांच्या पलीकडचा, मनात आणलं तर कुणालाही हात देईल नाहीतर दाबून टाकेल असा. त्यामुळे छोट्या देशाला उदासीन म्हणूच नका, ती त्याची ऐपत नाही.

आता तटस्थ. कोशात बघाल तर तट म्हणजे काठ, नदीच्या काठावर उभा तो तटस्थ, प्रवाहात न पडलेला. संस्कृतापुरतं हे शंभर टक्के बरोबर आहे. जुन्या पोथ्यांमध्ये तटस्थ होणं म्हणजे थक्क होऊन जागीच थबकणं, तेही ठीक. पण मराठी माणसाच्या कानाला तट म्हटल्यावर नदी ऐकू येते का हो? नदीला आपण काठ म्हणतो, तीर म्हणतो. तट म्हटलं की किल्ला, तटबंदी, विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी. शिवाय गावात दोन तट पडतात तेव्हा तट म्हणजे गट, म्हणजे त्या हिशेबाने तटस्थ हा गटातलाच माणूस व्हायला हवा! कोशकार हे अर्थ एकाखाली एक क्रमांक टाकून मोकळे होतात, एक, दोन, तीन, जणू त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. मला हे पटत नाही. बोलणाऱ्याच्या डोक्यात शब्दाला क्रमांक नसतात. माझं म्हणणं असं आहे, आणि गेली कित्येक वर्षं मी ते सोडलेलं नाही, की मराठीत तटस्थ हा किल्ल्याच्या तटावर उभा असलेला माणूस आहे. दरवाजा बंद, कुणावर चाल करून जात नाही, पण पहारा चालू आहे. काठावर उभं राहायला काहीच लागत नाही, तटावर उभं राहायचं तर आधी तट बांधावा लागतो.

आणि फिनलंडने नेमकं हेच केलं. 1939 च्या 30 नोव्हेंबरला सोव्हिएत फौजा आत शिरल्या, 105 दिवस लढाई झाली, नंतर 1941 ते 1944 पुन्हा, आणि शेवटी देशाचा साधारण दहावा हिस्सा गेला, चार लाखांवर माणसं कारेलियातून, म्हणजे गमावलेल्या पूर्वेकडच्या मुलखातून, उठून आली. मग 1948 मध्ये मॉस्कोशी मैत्रीचा करार, त्यात मोठ्या सत्तांच्या भांडणातून बाहेर राहण्याची इच्छा लिहून घेतलेली. यालाच जर्मनीतल्या लोकांनी पुढे फिनलंडीकरण असं हिणवायचं नाव दिलं आणि आपले काही विद्वान आजही फिनलंडला तेव्हाचा ‘मांडलिक’ म्हणतात. चूक आहे. मांडलिक खंडणी भरतो आणि धन्याच्या फौजेला आपली फौज जोडतो. फिनलंडमध्ये निवडणुका चालू होत्या, 1956 मध्ये पोर्ककालाचा नाविक तळसुद्धा सोव्हिएतांकडून परत मिळाला.

पण वाकणं होतंच, ते झाकू नये. 1961 च्या ऑक्टोबरमध्ये मॉस्कोहून लष्करी सल्लामसलतीची मागणी करणारी नोट, म्हणजे सरकारी पत्र, आली, फिनलंडचे अध्यक्ष केक्कोनेन नोवोसिबिर्स्कला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना भेटायला गेले आणि त्याच सुमारास अध्यक्षपदासाठी केक्कोनेनविरुद्ध उभे असलेल्या होंका यांनी माघार घेतली. 1973 मध्ये तर केक्कोनेन यांची मुदत निवडणुकीशिवाय खास कायद्याने चार वर्षं वाढवली. लोकशाहीला हे फार महाग पडतं, शेजारी काही न बोलतासुद्धा लोक आपणच तोंड आवरायला लागतात.

इथे कौटिल्य परत आणतो, कारण त्याने दुबळ्या राजावर एक अख्खं अधिकरण, म्हणजे ग्रंथाचा भाग, लिहिलंय, आबलीयस, बारावं. त्यात आधीच्या आचार्यांची मतं दिली आहेत. भारद्वाज म्हणतो बलवानापुढे वेतासारखं वाकावं, वेतसधर्म. (आपण ‘लव्हाळी वाचती’ म्हणतो तेच, फक्त ते नम्रतेबद्दल आहे, परराष्ट्र धोरणाबद्दल नाही!) विशालाक्ष म्हणतो सगळं सैन्य घेऊन लढावं. कौटिल्य दोघांनाही खोडतो: सगळीकडे वाकणारा कळपातून चुकलेल्या एडक्यासारखा, म्हणजे मेंढ्यासारखा, जगण्याची आशा सोडून राहतो, आणि थोडक्या सैन्यानिशी लढणारा नावेशिवाय समुद्रात उतरल्यासारखा बुडतो. एडका हा शब्द बघा, संस्कृतातला एडक, आपल्या धनगरांच्या तोंडी आजही जिवंत. मग करायचं काय? एक तर त्याहून बलवान राजाचा आश्रय, किंवा अभेद्य दुर्ग. दुर्ग, म्हणजे परत तट!

माझी मावसबहीण हेलसिंकीत राहते, मुलाला पोहायला इटाकेस्कुसच्या तलावावर नेते. तो तलाव जमिनीखाली खडकात कोरलेला आहे आणि वेळ आली तर पाणी काढून त्याचं 3,800 माणसांचं आश्रयस्थान होतं. ती म्हणाली मुलगा टॉवेल घेऊन त्या जाड दरवाजातून रोजच्यासारखा पळत जातो, बावचळून बघते ती मीच. 1,200 चौरस मीटरच्या वरची राहती इमारत बांधायची तर आश्रयस्थान हवंच असा तिथे कायदा आहे, सक्तीचं लष्करी शिक्षण शीतयुद्ध संपल्यावरही त्यांनी बंद केलं नाही. रशियाशी 1,340 किलोमीटरची सरहद्द आणि माणसं साधारण 56 लाख. याला म्हणतात तटस्थ!

त्यांच्या भाषेत तटस्थला पुओलुएटोन म्हणतात, पुओलुए म्हणजे पक्ष, आणि त्याच्या मुळाशी पुओली, म्हणजे बाजू आणि अर्धासुद्धा. आपल्या पक्षासारखंच की हे, बाजू आणि अर्धा महिना. असो, यावर एकदा वेगळं लिहिलं पाहिजे.

हां, मूळ प्रश्न. बातमीतलं वाक्य चुकीचंच आहे. 1995 मध्ये युरोपीय संघात गेल्यापासून फिनलंड स्वतःला तटस्थ म्हणवत नव्हता, लष्करी दृष्ट्या अलिप्त एवढंच म्हणायचा. तेव्हा 4 एप्रिल 2023 ला नाटोत जाताना त्याने सोडली ती अलिप्तता. तटावरचा पहारा आहे तिथेच आहे.