खोक्यावर १८, माइक मात्र चारच

प्रश्न : आमचा चौघांचा बँड आहे. ड्रम, बेस, गिटार आणि गाणं एकाच वेळी, पण वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायचंय. बजेट बेताचं. घरातला यूएसबी मिक्सर चालेल, की इंटरफेस घ्यावा लागेल?

उत्तर : आधी मिक्सरचं मॅन्युअल पाहा. बरेचसे स्वस्त यूएसबी मिक्सर सगळे चॅनल एकत्र करून कॉम्प्युटरला डावा-उजवा एवढे दोनच ट्रॅक देतात. मग ड्रममधला स्नेअर जड झाला तरी नंतर तेवढाच खाली आणता येत नाही. ‘मल्टिट्रॅक यूएसबी’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच तो तुमच्या कामाचा.

इंटरफेस (माइक-वाद्यांचा आवाज कॉम्प्युटरला देणारं उपकरण) घेताना खोक्यावरच्या इनपुटच्या आकड्याला भुलू नका. फोकसराइट स्कारलेट १८आय८च्या तिसऱ्या पिढीत माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे) ४, लाइन (कीबोर्डसारख्या जोरदार सिग्नलसाठीचे) ४, एसपीडिफ या डिजिटल जोडणीचे २ आणि एकाच ऑप्टिकल केबलमधून आठ चॅनल आणणाऱ्या अ‍ॅडॅटचे ८ अशी बेरीज करून १८ होतात. बेहरिंगर यूएमसी१८२०चेही १८च, पण त्यात प्रीअँप ८. तुमची गरज मोजा : ड्रमचे किक, स्नेअर आणि वरून लावलेले दोन ओव्हरहेड, गिटार अँप आणि गायक मिळून ६ माइक, शिवाय बेस. म्हणजे चार प्रीअँपमध्ये भागणार नाही. बेस थेट जोडायचा तर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ इनपुट हवा. साध्या लाइन इनपुटमध्ये तो मंद, दबल्यासारखा येतो.

दोन-दोन इनपुटचे स्वस्त इंटरफेस जोडीने लावायचा मोह आवरा. विंडोजवर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर सहसा एका वेळी एकच आसिओ ड्रायव्हर (सॉफ्टवेअर आणि इंटरफेसला जोडणारा प्रोग्रॅम) घेतं. मॅकवर दोन्ही एकत्र करता येतात, पण दोघांची घड्याळं (आवाजाचे नमुने घेण्याचा वेग ठरवणारी) वेगळी, त्यामुळे ट्रॅक हळूहळू सरकू नयेत म्हणून ड्रिफ्ट करेक्शन चालू करावं लागतं. त्यापेक्षा अ‍ॅडॅट इनपुट असलेला चार प्रीअँपचा इंटरफेस घ्या आणि उरलेल्या माइकसाठी त्याला आठ चॅनलचा अ‍ॅडॅट प्रीअँप जोडा. तेव्हा इंटरफेसचं घड्याळ (क्लॉक) ‘अ‍ॅडॅट’वर ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये टकटक येते. सेकंदाला ९६ हजार नमुने, म्हणजे ९६ किलोहर्ट्‌झला अ‍ॅडॅटचे आठाचे चारच चॅनल उरतात. ४८वर रेकॉर्ड करा.

यूएसबी-सीसाठी जास्त पैसे मोजू नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झचे आठ चॅनल सेकंदाला साधारण ९ मेगाबिट घेतात आणि यूएसबी २.०ची क्षमता ४८० आहे. ऐकू येणारा उशीर केबलमुळे नसतो, तो ड्रायव्हर आणि बफरमुळे (आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवायची जागा). वाजवताना बफर १२८ सॅम्पल ठेवा, खरखर आली तर २५६. तरीही गायक अडखळला तर डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला) चालू करून सॉफ्टवेअरमधला त्याचा मॉनिटर बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी ऐकू येईल.