‘ईझी पेस’ला मराठीत काय म्हणावं?

खानापूरहून एका वाचकाने विचारलंय: ‘भरतीची तयारी करतोय. पळण्याच्या सरावाच्या वेळापत्रकात निम्म्याहून जास्त दिवस “ईझी पेस” लिहिलेलं असतं. एका मराठी लेखात त्याला “आरामदायी गती” म्हटलंय, ते पटत नाही. योग्य शब्द कोणता?’

न पटणं बरोबरच आहे. आरामदायी असते ती खुर्ची, नाहीतर बसची सीट. पळणाऱ्याला आराम नको असतो, बराच वेळ निभेल अशी चाल हवी असते. ‘संथ’ हे तर बघणाऱ्याने बाहेरून केलेलं वर्णन. एखाद्याची सहज चाल किलोमीटरला ५ मिनिटं असते, ती संथ कशी म्हणणार? आणि नवख्याला ८ मिनिटं लागत असताना ‘संथ पळ’ म्हटलं, की तो लाजून जोर लावतो आणि सगळा सराव बिघडतो. घोड्याची ‘दुडकी’ जरा जवळची, पण ती पावलांची ढब सांगते. श्रम किती पडतात ते सांगत नाही.

आपल्या भागात हा शब्द रोजच्या तोंडात आहे: दमानं. ‘दमानं उतरा मावशी’, ‘दमानं पी की रे, च्या गरम हाय’. बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडे चंदगड-गडहिंग्लज, कुठेही कान द्या. अर्थ हळू, पण नुसतं हळू नव्हे. धीरानं, अंगाला त्रास होऊ न देता.

‘दम’ फारसीतून आला, मूळ अर्थ श्वास. (‘शम-दम’ मधला संस्कृत दम वेगळा, तो इंद्रियनिग्रह.) दम लागणे, दम खाणे, दमछाक या सगळ्यांत श्वासच आहे. ‘दम धर’ म्हणताना त्याचा धीर होतो. म्हणजे ‘दमानं’ या एका शब्दात हळूपणा, धीर आणि श्वास तिन्ही आले, आणि पळण्याच्या सरावाला नेमकं हेच तीन लागतात.

कारण सहज चालीची खरी खूण श्वासच आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय तोवर चाल ठीक. दोन-दोन शब्दांवर थांबावं लागलं की ती वाढली. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम मोजायला ६ ते २० अंकांची पट्टी केली, तीसुद्धा पळणाऱ्याला आतून काय वाटतं यावरच उभी आहे. येळ्ळूरचा राजहंसगड चढताना घड्याळातला वेग घसरणारच, मार्चच्या उन्हातही घसरणार. वेग धरून ठेवाल तर दम जाईल. दम धरून ठेवाल तर वेग चढ-उताराप्रमाणे आपोआप कमी-जास्त होईल, आणि तेच हवं असतं. रोज उठून घड्याळ लावून भरतीचे सोळाशे मीटर मारणाऱ्या पोरांना हे कळकळीने सांगावंसं वाटतं: रोज जीव काढून पळाल तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, नडग्या दुखायला लागतात, आणि ज्यावर सोळाशेचा उत्तरार्ध निघतो तो दम वाढायचा राहून जातो.

या शब्दाचा विरुद्धार्थीही आपल्याकडे तयार आहे: गडबड. पुण्याकडे गडबड म्हणजे घोटाळा किंवा गोंगाट मनात येतो, आपल्याकडे आधी घाई. कन्नडमध्येही ‘गडिबिडी’ म्हणजे घाईच. इकडच्या कन्नडमध्ये हळूला ‘सावकाश’ म्हणतात, तोही मराठीत चालणारा चांगला शब्द. स-अवकाश, म्हणजे सवड ठेवून. मैदानावर कन्नड बोलणारा सोबती असेल तर तोच वापरावा, दोघांनाही कळतो. पण त्यात श्वास नाही, म्हणून माझं मत ‘दमानं’लाच.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. ‘दमदार’ घेऊ नका, तो जोरकस या अर्थाने केव्हाच रुळलाय. नाम हवं तर ‘दमाची चाल’ म्हणा. दमा या आजाराशी गल्लत होईल अशी शंका येईल, पण त्याचं रूप ‘दम्याची’ होतं, त्यामुळे लिहिताना अडचण नाही. वेळापत्रकात मात्र क्रियाविशेषणच सुटसुटीत: ‘मंगळवार: ६ किलोमीटर, दमानं’. प्रमाण लेखनाचा आग्रह असेल तर ‘दमाने’ लिहा.