कॅपो सातव्या फ्रेटवर

प्रश्न : सोसायटीच्या गणपतीत आम्ही दोघं गिटारवर ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाजवणार आहोत. रेकॉर्डसारखं भरत नाही, शिवाय सूर खटकतो. मिळणार पाचच मिनिटं. काय कापावं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : दोघंही बी मायनर ही कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) एकाच जागी धरत असाल, तर भरणार कसं? हे गाणं ज्या बँडचं, त्या ईगल्सचा गिटारवादक डॉन फेल्डर याने या चालीचा डेमो ई मायनरमध्ये केला होता. गायक डॉन हेन्लीला ती पट्टी उंच पडली, म्हणून 1976च्या रेकॉर्डवर ती बी मायनर झाली. तेव्हा एकाने सातव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरची धातूची आडवी तार) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन हे आकार छेडावेत. दुसऱ्याने कॅपोशिवाय बी मायनर, एफ शार्प सेव्हन, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प सेव्हन. प्रत्येक कॉर्ड चार मात्रा, लय मिनिटाला साधारण 74.

कॅपो आधीच लावत असाल, तर सूर खटकण्याचं कारण बहुधा तोच. तारा फ्रेटबोर्डपासून उंच असल्या की तिथे जास्त ताणल्या जातात आणि सूर चढतो. कॅपो फ्रेटला अगदी लागून बसवा आणि बसवल्यावर पुन्हा ट्यून करा. आधी केलेलं ट्यूनिंग इथे उपयोगाचं नाही.

स्ट्रमिंग सलग करू नका. सुरुवातीला या चालीचं कामचलाऊ नाव ‘मेक्सिकन रेगे’ होतं. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा तुटक ठोका रेगे या जमैकन संगीतातलाच.

आठवी कॉर्ड पहिलीकडे ओढते, म्हणून आठ कॉर्डचं हे चक्र कुठे संपल्यासारखं वाटत नाही. या गाण्याची खरी मोहिनी आमच्या मते तीच. एक फेरा, म्हणजे आठ कॉर्ड एकदा, सुमारे 26 सेकंदांचा. मूळ गाणं साडेसहा मिनिटांचं : दोन फेरे सुरुवातीला, आठ गाण्याचे (त्यातले दोन कोरसचे, तिथे कॉर्डचा क्रम वेगळा), पाच गिटार सोलोचे. सुरुवातीचा एक आणि सोलोचे तीन काढले की पावणेपाच मिनिटं होतात. कडवं मात्र कापू नका, गोष्टच तुटते.

सोलोचा शेवटचा फेरा ठेवाच. तिथे फेल्डर आणि बँडचा दुसरा गिटारवादक जो वॉल्श जोडीने त्या त्या कॉर्डचेच स्वर वाजवत उतरत जातात, त्यामुळे रिदम थांबला तरी कानाला कॉर्ड कळते. दोघांतच वाजवायचं तर ही मोठीच सोय; कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) वाजवणारा मिळाला तर लयही सुटणार नाही. रेकॉर्डवर आवाज हळूहळू विरतो, मंचावर तसं जमत नाही. एफ शार्प सेव्हननंतर बी मायनरचा एकच ठोका देऊन थांबा.