खटला मिटला, भाव का नाही पळाला?

प्रश्न : आमचा गलाईचा पिढीजात धंदा. सोन्याचा भाव समजतो, पण हे गणित समजत नाही. माझ्याकडे एक्सआरपी नावाची क्रिप्टो नाणी आहेत. ती विकणाऱ्या रिपल कंपनीचा अमेरिकेतला खटला ऑगस्ट २०२५ मध्ये मिटला. आता भाव दुप्पट होणार, असं सगळे सांगत होते. काहीच झालं नाही. विकू की ठेवू?
– एक वाचक, विटा

उत्तर : विकू की ठेवू, ते मला विचारू नका. सांगलीत मी लोकांची विवरणपत्रं भरते, भाव सांगत नाही. पण तो का पळाला नाही, हे सांगता येईल.

अमेरिकेची एसईसी म्हणजे त्यांची सेबी. तिने २२ डिसेंबर २०२० ला रिपलवर दावा लावला : नोंदणी न करता १३० कोटी डॉलरहून जास्त रकमेचे रोखे (शेअरसारखी गुंतवणूक) विकले. आठवडाभरात भाव निम्म्याहून खाली. नाण्यात काडीचाही बदल नव्हता, पण कॉइनबेस या क्रिप्टो एक्स्चेंजने त्याचे व्यवहार थांबवले. उद्या तो रोखा ठरला तर विनापरवाना विकल्याचं बालंट आपल्यावरही, ही भीती.

रोखा ठरवण्याची कसोटी १९४६ ची, फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागांवरून आलेली. समजा, तासगावात कुणी द्राक्षबागेचे गुंठे मुंबईकरांना विकले, बाग स्वतःच कसली आणि नफा वाटून दिला, तर ती जमीनविक्री नव्हे, गुंतवणूक योजना. न्यायाधीश अनालिसा टोरेस यांनी १३ जुलै २०२३ ला हीच कसोटी लावली. बड्या संस्थांना करार करून विकलेले एक्सआरपी त्यात बसले; एक्स्चेंजवर विकलेले नाही, कारण तिथल्या गिऱ्हाइकाला आपले पैसे रिपलकडे जातात की आणखी कुणाकडे, हेच माहीत नसतं. मला हा भेद पटतो. भावाने त्याच दिवशी उसळी घेतली.

ऑगस्ट २०२४ मध्ये साडेबारा कोटी डॉलर दंड झाला. एसईसीने मागितला होता जवळपास २०० कोटींचा. नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले, एसईसीचं धोरण सैलावणार हे दिसलं आणि जानेवारी २०२५ मध्ये भाव तीन डॉलरच्या वर. तुम्ही ज्या दिवसाची वाट पाहत होता, त्याचा नफा बाजाराने आधीच खाल्ला होता. ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंनी अपिलं सोडली, एवढंच.

मधल्या काळाची किंमत मात्र मोठी. २०२१ मध्ये बिटकॉइनने नवा उच्चांक गाठला. एक्सआरपीला स्वतःचा २०१८ चा उच्चांकही ओलांडता आला नाही.

आता आपल्याकडचा कायदा, कारण तुमच्या खिशाला तोच लागणार. नफ्यावर ३० टक्के कर, वर उपकर वेगळा, विक्रीवर एक टक्का टीडीएस. दुसऱ्या नाण्यातला तोटा यातून वजा होत नाही, गलाईतला तर नाहीच. वजावट मिळते ती फक्त खरेदी किमतीची, आणि तीच तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. एक्स्चेंजवरून खरेदीच्या नोंदी आजच उतरवून घ्या.