पहिला पॉवर सप्लाय: आधी एवढंच बघ

नवा कॉम्प्युटर जुळवताना पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, कोणता घ्यावा हे आधीच विचारलंस, फार बरं केलंस. बहुतेक जण ग्राफिक्स कार्डावर सगळे पैसे घालवतात आणि उरल्यासुरल्यात हा उरकतात. पहिली चूक तीच.

- तुझ्या आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्डासाठी ते बनवणारी एनव्हिडियाच ६५० वॅटचा सप्लाय सांगते. तू ७५० घे. निम्म्या भारावर तो कमी तापतो, पंखा संथ फिरतो, आवाज जवळपास येत नाही. १००० वॅटच्या मागे लागू नकोस.
- खोक्यावरच्या ‘८० प्लस गोल्ड’ या प्रमाणपत्रावरून वीज किती वाया जाते एवढंच कळतं, आवाज आणि टिकाऊपणा नाही. त्यासाठी नेमक्या त्याच मॉडेलची परीक्षणं वाच. वॉरंटी ७ ते १० वर्षांची हवी.
- जुन्या मॉड्युलर (केबल काढता-लावता येणाऱ्या) सप्लायच्या केबल नव्याला कधीही लावू नकोस. प्लग बरोबर बसतो, पण सप्लायकडच्या टोकाच्या पिनांची जोडणी वेगळी असू शकते. माझी एसएसडी (डेटा साठवायची डिस्क) अशीच गेली. बटण दाबलं आणि जळका वास आला.

कॅबिनेटला खाली जाळी असेल तर पंखा खाली करून बसव आणि जाळी महिन्यातून एकदा झटक. सॉकेटला अर्थिंग आहे ना, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. रिपल (विजेच्या दाबातले बारीक चढउतार) वगैरे सध्या राहू दे.

मॉडेल ठरलं की सांग, मी बघतो.