तांदूळ घालून घरी साबण करता येतो का? माझ्या वड्यांना बुरशी का आली?

तुम्ही लिहिलंय की दुकानातून साबणाचा बेस आणून वितळवला, त्यात मऊ शिजवलेला भात मिक्सरवर वाटून घातला, छान पांढऱ्या वड्या झाल्या, आणि दहा दिवसांत त्यांवर काळे ठिपके आले. काय चुकलं आणि तांदळाच्या साबणाने रंग खरंच उजळतो का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते लहान आहे. नाही उजळत. साबण अंगावर अर्धा मिनिट राहतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो, त्याच्यासोबत तांदूळही जातो. तांदळाने साबणात जे होतं ते वेगळं आहे आणि मला ते फार आवडतं. फेस मोठ्या बुडबुड्यांचा न होता सायीसारखा दाट होतो आणि वडी हाताला रेशमी लागते. एवढ्यासाठी मी गेली सहा वर्षं तांदळाचा साबण करते आहे. गोरेपणाच्या आशेने कुणी करणार असेल तर मी त्याला करू नको म्हणेन.

आता बुरशी. बेस म्हणजे आधीच तयार झालेला साबण असतो, त्यात ग्लिसरीन आणि पाणी असतं. तो वितळवून तुम्ही भात घातलात तेव्हा भाताचं काहीच झालं नाही, तो फक्त साबणात अडकून बसला. ओला शिजवलेला भात बाहेर ठेवला तर दुसऱ्या दिवशी आंबतो, साबणात अडकला म्हणून तो टिकणार नाही. तांदळाचं धुवण, पेज, दूध, फळांचा गर, या सगळ्या ओल्या गोष्टींचं बेसमध्ये हेच होतं. बेसच वापरायचा असेल तर कोरडं तांदळाचं पीठ घ्या, तेही वस्त्रगाळ. २५० ग्रॅम बेसला एक छोटा चमचा पुरे. पीठ आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवून घ्या आणि बेस जरा निवून दाटसर झाला की घाला, नाहीतर सगळं पीठ तळाशी बसतं.

पण मला विचाराल तर तांदूळ शोभतो तो तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेल्या साबणात. तिथे पेज घालता येते, कारण कॉस्टिकचा तिच्यावर परिणाम होतो आणि पुढच्या महिनाभरात वडीतलं पाणीही बरंचसं उडून जातं. तिथेसुद्धा भाताच्या गुठळ्या राहिल्या किंवा प्रमाण फार झालं तर वडी खराब होऊ शकते, म्हणून गाळणं आणि थोडं घालणं हे दोन्ही पाळायचं.

मी पहिल्यांदा केला तेव्हा मोठी चूक केली होती. पाण्याऐवजी सरळ कोमट पेजेत कॉस्टिक सोडा घातला. बघता बघता पेज पिवळी पडली, तार सुटायला लागली आणि भांड्यात चिकट गोळा झाला. लहानपणी आई सुती साड्यांना खळ करायची ते आठवलं. पीठ सरळ उकळत्या पाण्यात पडलं की वरून शिजतं आणि आत कोरडं राहतं, तीच गुठळी. कॉस्टिक तर पेजेतला स्टार्च विस्तवाशिवायही फुगवतो. फरक इतकाच की माझ्या गुठळ्यांच्या आत न विरघळलेले कॉस्टिकचे तुकडे होते. ते वडीत गेले असते तर कुणाच्या तरी अंगाला लागले असते. तो सगळा घाणा मी टाकून दिला.

तेव्हापासून मी पाण्याचे दोन भाग करते. कॉस्टिक साध्या पाण्यात विरघळवायचं आणि पेज तेलात घालायची. दोघांची गाठ शेवटी पडते.

माझं माप देते. खोबरेल १५० ग्रॅम, ऑलिव्ह तेल २०० ग्रॅम, राईस ब्रॅन तेल १०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, म्हणजे एकूण ५०० ग्रॅम तेल. कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम. साधं पाणी ९० ग्रॅम, पेज ५० ग्रॅम, आणि वस्त्रगाळ तांदळाचं पीठ एक मोठा चमचा सपाट. पीठ सोडून बाकी सगळं वजनाने, पाणीसुद्धा. वाटी-चमच्याच्या मापाने साबण करू नका. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा नसेल तर आधी तो आणा.

हे ७० ग्रॅम कुठून आले ते समजून घ्या, कारण तेल बदललं की हा आकडा बदलतो. प्रत्येक तेलाला साबण व्हायला ठरावीक कॉस्टिक लागतं. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, ऑलिव्ह आणि राईस ब्रॅनला ०.१३३ ते ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. वरच्या तेलांची बेरीज ७४ ग्रॅम होते. त्यातून पाच टक्क्यांच्या आसपास मुद्दाम कमी करायचं, म्हणजे थोडं तेल साबणात तसंच शिल्लक राहतं आणि त्वचा ओढल्यासारखी होत नाही. खोबरेलाऐवजी शेंगदाणा तेल घेतलंत आणि कॉस्टिक तेच ठेवलंत तर वडी अंग भाजेल. राईस ब्रॅन म्हणजे तांदळाच्या कोंड्याचंच तेल. पण तांदळाचं आहे म्हणून तेच भरपूर घालू नका. ते जास्त झालं की काही महिन्यांत वडीवर नारिंगी डाग पडतात आणि खवट वास येतो. पाचवा हिस्सा ठीक आहे.

पेज अशी करायची: मूठभर तांदूळ धुऊन भरपूर पाण्यात अगदी मऊ शिजवा, मग बारीक गाळणीतून आणि त्यानंतर मलमलच्या फडक्यातून गाळा. खाली येते ती पांढरी, जराशी दाट पेज घ्या. मीठ घालायचं नाही. पूर्ण गार होऊ द्या. रात्रभर बाहेर ठेवलेली आंबलेली पेज घेऊ नका, तिचा वास साबणातही येतो.

तांदूळ कोणता, असा प्रश्न मला नेहमी येतो. मी आंबेमोहर वापरून पाहिला, मोठ्या हौसेने, की आंब्याच्या मोहरासारखा वास वडीला येईल. काही येत नाही. कॉस्टिकपुढे तो नाजूक वास टिकत नाही. तेव्हा आंबेमोहर जेवायला ठेवा आणि साबणाला घरातला जुना, जाडा, कणीचा तांदूळ घ्या. माझ्या माहेरी रत्नागिरीकडे उकडा तांदूळ असतो, त्याची पेज चवीला सुंदर लागते पण साबणाला जरा मळकट रंग देते. पांढरी वडी हवी असेल तर साधा तांदूळ बरा.

कॉस्टिकबद्दल मात्र मी थोडं ओरडूनच सांगणार आहे. डोळ्यांना चष्मा, हातात लांब रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, खिडकी उघडी, आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दार बंद. पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. चमचा चमचा घालत ढवळा. गार पाणी मिनिटभरात ८० अंशांच्या वर जातं आणि वाफ घशाला लागते, म्हणून भांड्यावर वाकू नका. भांडं स्टीलचं किंवा जाड पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचं. ॲल्युमिनियमची पातेली, चमचे, साचे काहीही नको, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. काचेचं भांडंही नको, कधीतरी तडकतंच. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरा. व्हिनेगर किंवा लिंबू लावत बसू नका.

कॉस्टिक रसायनांच्या दुकानातून, शुद्धता लिहिलेलं घ्या. तुंबलेली मोरी साफ करायच्या पुड्यांमध्ये इतर गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या साबणाला चालत नाहीत. डबा घट्ट लावून ठेवा, हवेतली ओल शोषली की वजनाचं गणित चुकतं. पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीसाठी मिळतं ते. बोअरच्या जड पाण्यातले क्षार साबणाला चांगले नाहीत.

आता कृती. तेलं एकत्र करून कोमट करा. थंडीत खोबरेल गोठलेलं असतं, ते आधी पूर्ण वितळू द्या. चमचाभर पिठात यातलंच दोन चमचे तेल घालून आधी गुळगुळीत कालवा, खळीला आधी गार पाण्यात पीठ कालवतात तसंच, आणि मग ते तेलात सोडा. त्यात पेज घालून हँड ब्लेंडर अर्धा मिनिट फिरवा. कॉस्टिकचं पाणी आणि तेल दोन्ही ३५ ते ४० अंशांवर आलं की कॉस्टिकचं पाणी गाळणीतून हळूहळू तेलात ओता. ब्लेंडर थोडा फिरवा, थांबा, हाताने ढवळा, पुन्हा थोडा फिरवा. पेजेमुळे हे साध्या साबणापेक्षा लवकर दाटतं. घावनाच्या पिठापेक्षा जरा दाट झालं आणि वर सोडलेली धार क्षणभर रेघेसारखी दिसली की थांबा. साचा म्हणून बटर पेपर लावलेला प्लॅस्टिकचा डबा किंवा दुधाचा रिकामा टेट्रापॅक चालतो.

बरेच जण यानंतर साचा टॉवेलमध्ये गुंडाळतात. तांदळाच्या साबणाला आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते करू नका. तो आतून आधीच तापतो, अजून तापला तर मधोमध फुगून भेगा पडतात.

एक-दोन दिवसांनी, मोजे घालूनच, काढा आणि वड्या कापा. साधारण सात वड्या होतात. मग थांबायचं, चार ते सहा आठवडे. हवेशीर जागी, उन्हात नाही, वड्या एकमेकींना न चिकटवता उभ्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात केलात तर वड्यांवर पाण्याचे थेंब दिसतील. घाबरू नका, साबणात तयार झालेलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं म्हणून ते दिसतात. पुसू नका, पंखा लावा. मी शक्यतो दिवाळीनंतर करते, हवा कोरडी असते. वडी तयार झाली की नाही ते ओळखायची माझी रीत अशी: एका वडीवर खूण करते आणि दर आठवड्याला तिचं वजन लिहून ठेवते. वजन उतरायचं थांबलं की वडी वापरायला घेते. त्याआधी पीएच पट्टी ओली करून लावून बघा, चांगल्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. त्याहून बराच जास्त दिसला तर ती वडी अंगाला लावू नका.

भिजवलेला कच्चा तांदूळ जाडसर वाटून घालायची कृती सगळीकडे दिसते. मी तिच्या विरोधात आहे. कच्च्या तांदळाची कणी टोकदार असते, ओली झाली तरी मऊ पडत नाही, आणि चेहऱ्यावर घासली की बारीक ओरखडे उठतात. माझ्या भाचीच्या गालावर मी ते पाहिलं आहे. उटण्यासाठीसुद्धा आपण पीठ वस्त्रगाळच करतो.

तुमच्या ठिपके आलेल्या वड्या पुन्हा वितळवून वाचवायला जाऊ नका, ठिपका वरून काढला तरी भात आतवर तसाच आहे. त्या टाकून द्या आणि साचे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. उरलेला बेस असेल तर या रविवारी एक चमचा वस्त्रगाळ पीठ घालून दोनच वड्या करून बघा, कॉस्टिकचं सामान जमेपर्यंत तेवढ्यावर दाट फेस कसा असतो ते कळेल.